खुर्चीच्या उंचीचं आकाश

माझ्या सासूबाई, फरंगीस, इराणमधल्या आमच्या तफ्त गावातल्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत होत्या. गावातल्या निम्म्या बायका त्यांना अजून 'बाई' म्हणतात आणि त्यांच्यासमोर बोलताना नकळत हात पाठीमागे बांधतात. निवृत्तीनंतर त्या घरच्या डाळिंबाच्या बागेत रमतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण बाग माझ्या सासऱ्यांची होती. मनुचेहर बागेत असले की दुसऱ्या कुणाची तिथे गरजच पडायची नाही, आणि कुणी मदतीला गेलं तर ते त्यांना आवडायचंही नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. चाकांची खुर्ची आणि अंगण एवढंच त्यांच्या वाट्याला राहिलं. बोलायचे थोडं, पण जे बोलायचे ते झोंबायचं. व्यायाम करून घ्यायला यझ्द शहरातून एक बाई यायची. तिने डाव्या हातात रबरी चेंडू दिला की म्हणायचे, "हा दाबून कुठला किल्ला जिंकायचाय मला?" आणि चेंडू हौदात टाकून द्यायचे. मी औषधांच्या दुकानात काम करते, असे रुग्ण रोज बघते. पण घरातला माणूस असा बसून राहिला की ती सगळी माहिती काही कामाची नसते.

वसंतातल्या नवरोजची सुट्टी संपली त्या आठवड्यात, संध्याकाळी सगळे जेवायला बसलो असताना सासूबाई म्हणाल्या, "मला दुर्बीण घ्यायचीय. मोठी."

माझा नवरा बहमन टाइल्सच्या कारखान्यात आहे. त्याच्या तोंडात घास होता. तो गिळून म्हणाला, "समोरच्या घरात काय शिजतंय ते बघायला?"

"ते वासावरून कळतं. आकाशाची दुर्बीण. आरशाची."

"आई, ती किती महाग असते माहितीय?"

"म्हणूनच निवडून घ्यायचीय. एकदाच घेणार, दुसऱ्यांदा चूक सुधारायला पैसे नाहीत."

सासरे भाकरीचा तुकडा दह्यात बुडवत होते. वर न बघता म्हणाले, "म्हातारपणी... खेळणं."

सासूबाईंनी त्यांच्या हनुवटीवरचं दही पुसलं आणि म्हणाल्या, "हो. खेळणंच."

मला वाटलं, इतकी वर्षं फळ्यावर ग्रहांची चित्रं काढली, आता एकदा डोळ्यांनी बघावं अशी त्यांची हौस असेल. बहमनलाही तसंच वाटलं. पुढच्या गुरुवारी तो आम्हा दोघींना यझ्दला घेऊन गेला.

दुकान छोटं, चकचकीत. दुकानदार तरुण होता, अदबीने बोलणारा. बहमनने आधीच सगळं विचारून ठेवलेलं दिसत होतं, कारण आम्ही आत शिरताच त्याने एक पांढरीशुभ्र दुर्बीण पुढे केली. हाताएवढी नळी, खाली मोटर, आणि हातात धरायला टीव्हीच्या रिमोटसारखं यंत्र.

"खानम, ही सगळं स्वतः शोधते. तुम्ही फक्त नाव दाबायचं. शनी म्हणा, शनीकडे वळते. आणि तारा सरकला की त्याच्यामागे आपोआप सरकते. तुम्हाला हात लावायची गरज नाही."

"हात लावायची गरज नाही," सासूबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही."

त्यांनी नळीच्या तोंडाशी वाकून आत पाहिलं. मग आपला पंजा त्या तोंडावर ठेवला. पंज्याने तोंड झाकून गेलं.

"आरसा एवढाच?"

"हिच्यात हजारो तारे साठवलेले आहेत, खानम. आठवणीत."

"आठवण माझी अजून शाबूत आहे. मला उजेड हवाय. या आरशात किती उजेड मावणार?"

दुकानदार हसला, पण उत्तर चुकवलं नाही. "खरं सांगू? चंद्र छान दिसेल, ग्रह दिसतील. अंधूक गोष्टी म्हणाल तर धूसर डाग. पैसे मोटरीला जातात, आरशाला कमी उरतात."

"हे बरं सांगितलंत. किंमत?"

"तुमच्यापुढे किंमत काय. तशीच घेऊन जा, तुमचीच आहे," तो रीतीप्रमाणे म्हणाला.

"मग बांधा," सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या. त्याचा चेहरा उतरलेला बघून त्यांनीच त्याचा खांदा थोपटला. त्याची आई त्यांची विद्यार्थिनी निघाली. त्याने चहा पाजला, आणि जाताना आपणहून सांगितलं की कमी पैशांत मोठा आरसा हवा असेल तर दुकानात शोधू नका. हौशी मंडळी स्वतः दुर्बिणी बांधतात. लाकडी पेटी, त्यात नळी, खाली मोठा आरसा, मोटर नाही, काही नाही, हाताने ढकलायची. गुलाबकाढणीच्या दिवसांत ही मंडळी वाळवंटाच्या कडेला एका जुन्या सराईत जमतात. तिथे जा, सगळ्यांच्या दुर्बिणींतून बघा, मग ठरवा.

घरी येताना बहमन कुरकुरत होता. "लाकडी पेटी. एकविसाव्या शतकात माझी आई लाकडी पेटी घेणार."

"तुझ्या आजोबांची पेटी अजून धान्याला वापरतोय आपण," सासूबाई म्हणाल्या. "मोटर असलेली एकही वस्तू या घरात दहा वर्षं टिकलेली नाही."

सराईला आम्ही दोघीच गेलो. बहमनची कारखान्यात पाळी होती, आणि सासऱ्यांपाशी कुणीतरी हवं होतं म्हणून त्यांची बहीण येऊन राहिली. सासूबाईंनी बरोबर पाण्याची बाटली, चीज आणि भाकरी, एक जाड शाल आणि घरातलं एक लाकडी स्टूल घेतलं होतं. स्टूल कशाला, मी विचारलं. "बसायला," त्या म्हणाल्या.

सूर्य मावळायच्या आत आम्ही पोचलो. सराईच्या अंगणात आणि बाहेर सपाट जमिनीवर वीसेक दुर्बिणी उभ्या होत्या. काही तोफेसारख्या जाड, काही नुसता सांगाडा, काळं कापड गुंडाळलेला. लोक त्यांची झाकणं काढून हवा लागू देत होते. बहुतेक तरुण, कॉलेजातली मुलं आणि मुली. म्हातारी म्हणजे एकट्या सासूबाई. अंधार पडू लागला तसे सगळ्यांनी दिवे बंद केले, लाल कागद लावलेल्या टॉर्च तेवढ्या इकडे तिकडे फिरत राहिल्या.

सासूबाई एकेका दुर्बिणीपाशी जायच्या, मालकाला नमस्कार करायच्या, आपलं स्टूल खाली ठेवायच्या, त्यावर बसायच्या आणि बसूनच भिंगाला डोळा लावायचा प्रयत्न करायच्या.

"खानम, उभ्या राहा ना. भिंग वर आहे."

"बसून दिसेल का ते बघतेय."

"गुडघे दुखतात का? माझ्याकडे उंच खुर्ची आहे, आणू?"

"नको. एवढ्याच उंचीवरून बघायचंय."

मुलं एकमेकांकडे बघायची. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं होतं. या प्रकारच्या दुर्बिणीत डोळा लावायचं भिंग नळीच्या वरच्या टोकाशी असतं. नळी जितकी लांब आणि जितकी उभी, तितकं भिंग उंच. सासूबाई स्टुलावर बसून मान ताणत होत्या आणि भिंग त्यांच्या डोक्यावर वीतभर राहत होतं. मग त्या टेप काढून जमिनीपासून भिंगापर्यंतचं अंतर मोजायच्या. तिसऱ्या की चौथ्या दुर्बिणीपाशी मला ते स्टूल ओळखू आलं. सासऱ्यांना अंघोळीला बसवायच्या आधी त्यांच्या चाकांच्या खुर्चीशेजारी आम्ही हेच ठेवतो, कारण दोन्हींची उंची एकच आहे.

मी म्हणाले, "आई, ही बाबांसाठी आहे."

"मग कुणासाठी?" त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. "मला काय, मी शिडीवरसुद्धा चढेन."

आणि त्या चढल्याच. सगळ्यात मोठ्या दुर्बिणीला शिडी लावलेली होती. आरसा परातीएवढा, मालक शिराझचा एक दाढीवाला डॉक्टर. सासूबाई पाच पायऱ्या चढून वर गेल्या, डोळा लावला आणि तिथेच थांबल्या. खाली रांग लागली. डॉक्टरने दोनदा खोकून पाहिलं. बऱ्याच वेळाने त्या उतरल्या, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"जे मी शिकवत होते ते," त्या म्हणाल्या. मग नाक पुसून डॉक्टरला म्हणाल्या, "अप्रतिम आहे. पण ही उचलायला चार माणसं लागत असतील."

"पाच, बाई."

"मग ही आमची नव्हे."

दिलाराम आम्हाला त्यानंतर भेटली. इस्फहानची, पुलांचे आराखडे करणारी इंजिनीयर, पस्तिशीची असेल. फावल्या वेळात दुर्बिणी बांधायची आणि पुढची मोठी बांधायला आधीच्या विकायची. तिच्याकडे दोन होत्या आणि दोन्ही विकायच्या होत्या. एक दहा इंची आरशाची, बुटकी, नवी. दुसरी बारा इंची, जरा उंच, जुनी. दोन्हींची किंमत तिने सारखीच सांगितली.

"मोठी महाग का नाही?" सासूबाईंनी विचारलं.

दिलारामने लाल टॉर्च नळीत धरली. तळाच्या आरशाच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला होता. "गाडीतून नेताना लागलं. माझ्याच हातून. टवका बघितला की लोक पुढचं ऐकून घेत नाहीत."

"टवक्याने किती उजेड जातो?"

"तुम्ही सांगा, बाई. तुम्ही शिक्षिका आहात असं वाटतंय."

"काहीच नाही म्हटलं तरी चालेल," सासूबाई म्हणाल्या. "पण धक्क्याने बाकीचा आरसा बिघडला नाही ना, ते बघायला हवं. एखादा ठळक तारा लाव."

तिने लावला. सासूबाईंनी भिंग आत-बाहेर केलं. तारा बिंदूवरून पसरून गोल गोल कड्यांचा व्हायचा, पुन्हा बिंदू व्हायचा, दुसऱ्या बाजूला पुन्हा कडी. त्यांनी मलाही बघायला लावलं आणि विचारलं, "दोन्हीकडची कडी सारखी दिसतात?" मला सारखी दिसली. कडेला एका जागी बारीकशी खोक, बाकी गोल. "आरसा चांगला आहे," त्या म्हणाल्या. दिलारामचा चेहरा अंधारात दिसला नाही, पण तिने सुटकेचा श्वास टाकलेला ऐकू आला.

मग स्टुलाची पाळी. दहा इंचीपाशी बसल्या. नळी बुटकी असल्यामुळे भिंग जवळजवळ कुठेही डोळ्याशी येत होतं, अगदी डोक्यावरचं आकाश सोडलं तर. पूर्वेला वर येत असलेला ताऱ्यांचा एक पुंजका दिलारामने लावला. मी बघितलं. गोल, धुरकट, कडेला दोनचार कण चमकत असलेला. छान होता. मग तोच पुंजका बारा इंचीतून. मी डोळा लावला. तो डाग राहिला नव्हता. मीठ सांडावं तसे तारे, कडेपासून मध्यापर्यंत वेगळे वेगळे, मोजता येणार नाहीत इतके, आणि तरी प्रत्येक टोकदार. मला कुणी सांगितलं नसतं तरी मी दुसऱ्यांदा वाकून बघितलं असतं.

सासूबाई स्टुलावर बसून दोन्हींतून आलटून पालटून बघत राहिल्या. दिलारामने सरळ सांगितलं, "बाई, तुम्हाला बसूनच बघायचं असेल तर दहा इंची घ्या. मोठीचं भिंग आकाशाच्या अर्ध्या उंचीपर्यंतच तुमच्या डोळ्याशी राहील. त्याच्या वरचं काही बसून दिसणार नाही."

"ज्यांच्यासाठी घेतेय त्यांना काहीही आवडत नाही," सासूबाई म्हणाल्या. "अर्धांग झालंय. पहिल्यांदा बघितलं आणि धूसर डाग दिसला तर दुसऱ्यांदा बघणार नाहीत. मी ओळखते त्यांना. एकदाच संधी मिळणार."

"पण अर्धं आकाश जाईल."

"जाईल कुठे? वरचं सगळं थोड्या वेळाने खाली येतं. आम्हाला घाई नाही. आम्ही खुर्चीत बसून वाट बघू."

दिलारामने लाल टॉर्च पेटीवर फिरवली. मग तिने विचारलं, "त्यांचा कुठला हात चालतो?"

"डावा."

"मग नळी पेटीत फिरवून देते. भिंग डावीकडून येईल आणि ढकलायला कडी डाव्या हाताशी लावते."

"गोलरुख, तळाची पेटी धर," सासूबाई मला म्हणाल्या. आम्ही दोघींनी ती उचलून पाहिली. जड होती, पण दोन बायकांनी अंगणातून पडवीत नेण्याइतकी हलकी होती. व्यवहार तिथेच पक्का झाला.

पंधरा दिवसांनी बहमनच्या मित्राच्या निळ्या पिकअपमधून दुर्बीण आली. नळी गाद्यांत गुंडाळलेली, आरसा सासूबाईंच्या मांडीवर. बहमनने आरशावरचा टवका बघितला आणि डोक्याला हात लावला.

"आई, मी रोज कारखान्यात असल्या टवक्याचा माल बाजूला काढतो."

"तुमच्या टाइलमध्ये तोंड बघतात. यात बघायचं नाहीये, यातून बघायचंय."

सासरे पडवीत बसून सगळं बघत होते. "पैसे देऊन," ते म्हणाले, मग थांबले, जीभ जुळवली, "फुटका आरसा. आणि ड्रम."

बहमन कुरकुरला खरा, पण त्यानेच त्या शुक्रवारी अंगणातल्या उंचसखल विटा उखडल्या आणि बाजूला काढलेल्या टाइलांची एक सपाट चौकट बसवून दिली, खुर्ची कलंडू नये म्हणून. सासऱ्यांनी खुर्चीतून सूचना दिल्या. पाणसळ लावून बघ म्हणाले. बहमनने लावली. एक कोपरा खरोखरच खाली निघाला. बापलेकांचं त्या दिवशी जितकं बोलणं झालं तितकं वर्षभरात झालं नव्हतं, जरी त्यातलं बरंचसं भांडण होतं.

पहिली संध्याकाळ फसली. दिवसभर नळी उन्हात राहिली होती. चंद्र शीरकूह डोंगराच्या बाजूला कलला होता, अर्धा, बेताच्या उंचीवर, खुर्चीतून बघायला अगदी सोयीचा. सासूबाईंनी खुर्ची टाइलांवर आणली, भिंग सासऱ्यांच्या डोळ्याशी आणलं. ते क्षणभर बघून मागे झाले.

"उकळतोय," ते म्हणाले.

मी बघितलं. चंद्र खरोखर उकळत्या दुधासारखा हलत होता. तापलेल्या आरशावरची हवा.

"आत ने," सासरे म्हणाले.

मला वाईट वाटलं ते सासूबाईंसाठी. सहा आठवड्यांची खटपट. पण त्यांनी वाद घातला नाही. खुर्ची आत नेली, भात वाढला. स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "चूक माझी. आरसा गार व्हायला हवा, हे मी मुलींना परीक्षेत विचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारपासूनच दुर्बीण तुतीच्या सावलीत उघडी ठेवली, ओली चादर बांधून. सासऱ्यांना बाहेर यायचंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, मग मी एकटी बघते." आणि पडवीतून दिसेल अशा जागी बसून बघत राहिल्या. हाक मारली नाही. मधेच हसल्या तेवढ्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "काय आहे?"

"ये आणि बघ."

मी त्यांची खुर्ची टाइलांवर आणली. या वेळी चंद्र स्थिर होता. सासरे डोळा लावून बसले आणि हलेनात. खड्डे, त्यांच्या कडांच्या सावल्या, उजेड-अंधाराच्या रेषेवर एकटाच उजळलेला एखादा डोंगराचा माथा. मी शेजारी उभी होते. त्यांचा श्वास बदललेला मला ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "गेला."

"कोण?"

"चंद्र. सरकला."

"हो, पृथ्वी फिरते ना," सासूबाई म्हणाल्या. "कडीला धर आणि थोडी ढकल. मी पाणी आणते."

आणि त्या मला हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात घेऊन आल्या.

खिडकीतून दिसत होतं. सासऱ्यांनी डाव्या हाताने कडी धरली आणि जोर लावला. नळी एकदम खूप पुढे गेली. मागे ओढली, पुन्हा जास्त. त्यांनी एक शिवी दिली, स्पष्ट, कुठेही न अडखळता. मी जायला निघाले तर सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ नकोस."

"चिडलेत ते."

"चिडू दे. दोन वर्षांत कशासाठी तरी चिडलेत का? चिडतात ते आपल्यावर." त्या खिडकीशी उभ्या होत्या, आवाज हलका केलेला. "स्वतः वळणारी घेतली असती तर त्यांना करायला काय राहिलं असतं? आपण भरवतो, पुसतो, ढकलतो. एक तरी वस्तू या घरात अशी हवी होती की जी त्यांनी ढकलल्याशिवाय हलणार नाही."

दुकानातली मोटर, सराईतलं स्टूल, टेप, डावीकडची कडी, सगळं त्यांनी मनात कधीच बांधून ठेवलं होतं, आणि आम्हाला वाटत होतं बाईंची हौस आहे. पाणी घेऊन आम्ही बाहेर गेलो तेव्हा सासरे पुन्हा डोळा लावून बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "अडकते. झटका खाते."

सासूबाईंनी दिलारामला फोन केला. जिथे लाकूड लाकडावर फिरतं तिथे मेण घासा, ती म्हणाली. सासऱ्यांनी ऐकलं आणि मेणबत्ती मागवून स्वतःच डाव्या हाताने घासली, बहमनने नळी उचलून धरली होती तेवढा वेळ. त्यानंतर नळी बोटाच्या धक्क्याने लोण्यासारखी फिरायला लागली.

उन्हाळाभर मग आमच्या घराचं वेळापत्रक बदललं. सासरे दुपारी झोप काढायचे, संध्याकाळी ताजे हवेत म्हणून. आरसा उघडा ठेवला का, विचारायचे. दक्षिणेला वृश्चिक राशीतल्या विंचवाची शेपटी शीरकूहच्या बाजूला उतरलेली असायची, तिथले पुंजके त्यांच्या बरोबर उंचीवर यायचे. सासूबाई नकाशा वाचायच्या, ते ढकलायचे. "डावीकडे, अजून थोडी डावीकडे." "माहितीय." "पुढे गेलास." "तूच चुकीचं वाचलंस." व्यायामवाली बाई म्हणाली की खांद्यात आणि बोटांत बराच फरक आहे, काय करता? सासरे म्हणाले, "ड्रम ढकलतो." उजवा हात मात्र तसाच राहिला. ते तो मांडीवर ठेवायचे आणि कधी कधी डाव्याने थोपटून म्हणायचे, "हे मांजर झोपलंय, झोपू दे." जीभ पूर्ण सुटली असंही नाही. पण बोलायला विषय मिळाला, आणि विषय मिळाल्यावर माणूस शब्दासाठी थांबायला तयार होतो, ऐकणाराही होतो.

डाळिंबं काढायच्या दिवसांत बागेत माणसं आली. त्यांच्यात खुदामुराद होता, सासऱ्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. झटक्यानंतर सासऱ्यांनी त्याला एकदाही भेटू दिलं नव्हतं. दर वेळी तो दारातून परत जायचा, खाली मान घालून, फळांची पिशवी माझ्या हातात देऊन. त्या संध्याकाळी काम आटोपून तो हौदावर हात धूत होता आणि सासरे टाइलांवर दुर्बिणीशी बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मनुचेहर, हे काय घेऊन बसलायस? तोफ?"

सासरे बराच वेळ शब्द गोळा करत होते. मला वाटलं आता 'आत ने' म्हणतील. ते म्हणाले, "इकडे ये. हात कोरडे कर आधी. हात लावू नको."

शनी आग्नेयेला बेताच्या उंचीवर होता. खुदामुराद गुडघे टेकून बसला, तसा तो त्या भिंगाच्या उंचीला बरोबर आला. त्याने बघितलं. मान मागे घेऊन नळीच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा डोळा लावला.

"चित्र चिकटवलंयस आत."

"थांब थोडा. सरकेल."

शनी सरकत सरकत भिंगाच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. सासऱ्यांनी कडीला बोट लावून तो परत आणला. खुदामुराद गुडघे झाडत उठला. घरी गेला आणि अर्ध्या तासात बायकोला घेऊन आला, ती चप्पल उलटसुलट घालून आलेली. तिच्या मागून शेजारचे दोघे. सासरे प्रत्येकाला सांगत होते कुठे टेकायचं, कुठला डोळा मिटायचा. लाळ गळली तर डाव्या हाताने पुसत होते आणि पुढे बोलत होते. सासूबाई मागे तुतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एक शब्द मध्ये घातला नाही, आणि ज्या त्यांच्या हाताखाली शिकल्यात त्यांनाच कळेल की त्यांना ते किती जड गेलं असेल.

हिवाळा तोंडावर आला तशी हवा आणखी स्वच्छ झाली. त्या दिवसांत संध्याकाळीच देवयानी तारकासमूहातली आपली शेजारची आकाशगंगा जवळजवळ डोक्यावर असायची. खुर्चीतून तिथे पोचणं शक्यच नव्हतं. नळी उभी केली की भिंग सासऱ्यांच्या डोक्याच्या वर जायचं, आणि ती आमच्या बाजूला उतरून येईपर्यंत थंडीत थांबणं त्यांना डॉक्टरांनी मना केलं होतं.

एके दिवशी दिवेलागण झाल्यावर सासरे म्हणाले, "उभी कर नळी."

"तुला दिसणार नाही, मनुचेहर."

"तू बघ. मला सांग."

त्यांनीच डाव्या हाताने नळी वर ढकलली, सासूबाई जितकी म्हणाल्या तितकी, आणि ती हलू नये म्हणून कडी धरून बसले. सासूबाई शाल सावरून उभ्या राहिल्या, डोळा लावला.

"हं," त्या म्हणाल्या, "तर ही आपल्यासारखीच एक आकाशगंगा. हिचा जो प्रकाश आत्ता आपल्यापर्यंत येतोय तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस..."

"शाळा सुटली, फरंगीस. काय दिसतंय ते सांग."

सासूबाईंनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. मी पडवीत खुदामुरादच्या घरून आलेली डाळिंबं सोलत होते.

"मधे एक उजळ ठिपका आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काचेमागे समई ठेवल्यासारखा. त्याच्याभोवती धुकं. लांबट आहे, दोन्ही टोकं भिंगाच्या बाहेर गेलीत, सगळं एकदम दिसतच नाही. एका कडेला धुकं एकदम संपतं, कुणी कापल्यासारखं. तिथे काळी रेघ आहे."

"कुठल्या कडेला?"

"तू बसलायस त्या बाजूला."

"आता टोकाकडे जा," सासरे म्हणाले, आणि त्यांनी कडीवरचं बोट अगदी थोडं हलवलं.